ओळीत दुसरा हात नको

डोळे मिटा, असं मी सांगणार नाही. मिटले तर पुढचं वाचणार कसं? उघडेच ठेवा, आणि नुसती कल्पना करा.

तुमच्यासमोर एक रुंद, उथळ लाकडी पेटी तिरकी मांडलेली आहे. पेटीत लहान लहान खण. एका खणात नुसते 'क', शेजारच्यात नुसते 'म', त्यापलीकडे काने, कोपऱ्यात वेलांट्या. ही अक्षरं शिशाची आहेत. त्यांना खिळे म्हणतात, पण ते भिंतीत ठोकायचे नसतात. तुम्हाला 'पाटी' हा शब्द हवा आहे. पेन्सिल शोधू नका. पेटीतून 'प' उचला, काना उचला, 'ट' उचला, दीर्घ वेलांटी उचला, आणि डाव्या हातातल्या पितळी पट्टीत सगळ्यांना एकमेकांना खेटून उभं करा. झाला एक शब्द. आता अख्खं पुस्तक असंच करायचं आहे. शिवाय गंमत अशी, की खिळ्यावरचं अक्षर आरशात दिसतं तसं उलटं असतं, तेव्हा कुठे ते कागदावर सुलटं उमटतं.

जमेल? पहिल्या दिवशी नाही जमणार. हे काम करणाऱ्याला जुळारी म्हणत, आणि चांगला जुळारी घडायला वर्षं लागत.

आपल्या गोष्टीतले आजोबा असे जुळारी होते. त्यांच्या वडिलांचा छोटा छापखाना होता. "मी चालायला आणि अक्षरं उचलायला बरोबरच शिकलो," असं ते सांगत. पुढे यंत्रं बदलली, पेट्या भंगारात गेल्या आणि छापखान्याच्या जागी चष्म्यांचं दुकान आलं. त्यामुळे आजोबांच्या नातीने खिळा असा कधी पाहिलाच नव्हता.

नातीला घरात सगळे भिंगरी म्हणत. पायाला भिंगरी असलेली माणसं पुष्कळ असतात. हिच्या जिभेलाही होती. वर्गात प्रश्न पुरा व्हायच्या आत हिचा हात वर. उत्तर येतं की नाही ते मग बघू, असं तिचं धोरण.

हा गुण तिला बाबांकडून आला होता. बाबा लिफ्ट दुरुस्त करत. कुठे माणूस दोन मजल्यांच्या मध्ये अडकला की बाबांचा फोन वाजे, आणि बाबा ताटावरून उठून निघत. "अडकलेल्या माणसाला एक मिनिट म्हणजे एक तास असतो," ते म्हणत. त्या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

पण अलीकडे घरातच काहीतरी अडकायला लागलं होतं. आजोबांचे शब्द.

जेवताना आजोबा म्हणत, "जरा ते दे रे... ते आपलं..."

"चमचा, नाना," बाबा लगेच म्हणत. बाबा आजोबांना नाना म्हणत.

"हां, चमचा."

"काल तो भेटला होता... तो खालचा..."

"न्हावी, नाना."

"हां. न्हावी."

बाबांना वाटे, सोडवलं बिचाऱ्यांना. हळूहळू आजोबा वाक्य अर्ध्यावर टाकून बाबांच्या तोंडाकडे बघू लागले, अडकलेल्या लिफ्टमधली माणसं दाराकडे बघतात तसे. शर्टाची बटणं बाबा लावून देऊ लागले. नाडीचे बूट कपाटात गेले आणि चिकटपट्टीचे आले. पेपरातलं शब्दकोडं आजोबा इतकी वर्षं थेट पेनने सोडवत आलेले. एकदा ते एका चौकोनापाशी फार वेळ थांबलेले दिसले म्हणून बाबांनी मागून वाकून उत्तर सांगितलं. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. पुढे पेपर नुसता घडी घातलेला पडून राहू लागला.

डॉक्टर म्हणाले होते, "त्यांना जे जमतं ते त्यांचं त्यांना करू द्या. वेळ लागला तरी." बाबांनी मान डोलावली आणि बाहेर आल्यावर आजोबांनी जिन्याच्या कठड्याला हात लावायच्या आधीच त्यांचा दंड धरला.

यात कोणाचं मन वाईट होतं असं समजू नका. म्हणून तर ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

एक दिवस आत्याआजीचा फोन आला. आत्याआजी म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, बाबांची आत्या. ही बाई दर वर्षी काहीतरी नवं शिकायची. मागच्या वर्षी पोहणं, यंदा माउथ ऑर्गन. "डोकं म्हणजे दाराची बिजागरी," ती म्हणायची. "हलवत राहा, नाहीतर करकरायला लागते."

त्या दिवशी मात्र ती थट्टा करत नव्हती. "मुलीकडे जातेय, कायमची," ती म्हणाली. "एवढ्या लांबून, या वयात, परत काही माझं येणं होत नाही. रविवारी दादाला भेटायला येते. मागच्या खेपेला त्याने मला ओळखलं नाही. म्हटलं, थकला असेल. आता एकदा ओळखू दे, मग मी जायला मोकळी."

"तू काळजी करू नकोस, आत्या," बाबा म्हणाले. "मी आहे ना. मी सांगेन नानांना."

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "अहो, सांगितल्यावर ओळखलं, तर ते ओळखलं कसं म्हणायचं?"

"तू आता शब्दांत पकडू नकोस," बाबा म्हणाले.

त्याच आठवड्यात बाबा आजोबांना केस कापायला घेऊन गेले. भिंगरी बोलावलं नव्हतं तरी मागे होतीच. न्हाव्याचं दुकान त्यांच्याच इमारतीखाली. दुकानाला काचेचं दार, आणि दारावर रस्त्यावरच्या लोकांना वाचता यावीत अशी मोठी लाल अक्षरं. आतून अर्थातच उलटी. आजोबा बाकावर दाराकडे तोंड करून बसले होते. बसल्या बसल्या त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"केस, दाढी. थांबावे लागेल. घाई असेल त्याने घरीच कापून घ्यावे."

कुठे अडखळले नाहीत, थांबले नाहीत. न्हाव्याची कात्री हवेतच राहिली.

"नाना, तुम्ही आतून वाचलंत? कमाल आहे. बाहेरून वाचणारी गिऱ्हाइकं तर उलट्या पावली जातात."

"आजोबा, उलटं कसं काय वाचलंत?" भिंगरीने विचारलं.

"उलटं कुठे आहे? सरळ तर आहे." आजोबा हसले. कितीतरी दिवसांनी हसले. "आम्ही लहानपणी बोलायचोसुद्धा असं. खिळ्यांची ओळ मागून पुढे वाचायची. नदी म्हणजे दीन. वारा म्हणजे रावा."

"मग शाळा म्हणजे ळाशा," भिंगरी म्हणाली. "आणि काका?"

"काका म्हणजे काकाच."

"मामा?"

"मामाच. दादा, बाबा, नाना, सगळे तसेच. काही माणसं कशीही फिरवा, तीच राहतात."

"तुम्ही आणि कोण बोलायचात असं?"

"मी आणि... ती आमची..." आजोबा थांबले.

"आत्या असेल, नाना," बाबा म्हणाले. "चला, खुर्ची रिकामी झाली."

"हां," आजोबा म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवसापासून शाळेतून आल्यावर दप्तर फेकून भिंगरी थेट खिडकीपाशी, आजोबांच्या खुर्चीजवळ. ती एक शब्द द्यायची, आजोबा तो उलटा करायचे. मग आजोबा द्यायचे आणि ही करायची. हिचं उत्तर तोंडातून सांडायचं. आजोबांचं यायला वेळ लागायचा. एकदा तिने 'सकाळ' दिला. आजोबा गप्प. भिंगरीने वाट पाहिली, म्हणजे तिच्या मते पाहिली, आणि म्हणाली, "ळकास! ळकास, आजोबा!"

आजोबांनी तिच्या हातावर आपला हात ठेवला. रागावले नाहीत, पण हात जड होता.

"ओळीत दुसरा हात नको," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"छापखान्यातला नियम. ज्याची ओळ त्याने भरायची. शेजारच्याला वाटतं, याचा एक खिळा राहिलाय, आपण देऊ टाकून. चांगल्या मनानेच टाकतो. पण ज्याची ओळ आहे त्याच्या बोटांना मग कळत नाही, आपण कुठे होतो. सगळी ओळ मोडून परत लावायला लागते."

"पण वेळ किती लागतो."

"लागू दे की. ओळ कुठे पळून जाते?"

मग त्यांनी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. खिळ्याच्या अंगावर एक बारीक खाच असते. अंगठ्याला ती खाच लागली की समजायचं, खिळा बरोबर धरला आहे. बघायचीसुद्धा गरज नाही. तेव्हा भिंगरीच्या ध्यानात आलं, की आजोबा शब्द शोधताना त्यांचा अंगठा तर्जनीवरून हळूहळू फिरत असतो. अंगठा फिरतोय तोवर आजोबा शोधत आहेत. अंगठा थांबला की एकतर शब्द सापडला, नाहीतर कोणीतरी मध्ये बोललं.

अंगठा फिरत असताना गप्प बसणं तिला फार जड गेलं. जिभेला आवर घालायचा तर हातांना आधी घालायला हवा, असं तिला वाटलं. म्हणून ती स्वतःच्या दोन्ही तळहातांवर बसू लागली. गंमत म्हणजे तिने असं केल्यावर आजोबांचे शब्द येऊ लागले. उशिरा यायचे, पण त्यांच्या पायांनी यायचे. एका दुपारी त्यांनी शर्टाची बटणंही स्वतःची स्वतः लावली, एक घर चुकवून. भिंगरी काही बोलली नाही. थोड्या वेळाने त्यांनी ती काढून परत लावली.

पण या सगळ्या दुपारच्या गोष्टी. संध्याकाळी बाबा घरी आले की अंगठा गप्प.

शुक्रवारी भिंगरीने शब्द दिला, "काम."

आजोबांच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या. "काम," ते म्हणाले. "काम उलटं केलं की..." अंगठा फिरू लागला. "ती अशीच होती. काम म्हटलं की तिचं..." ते हसायला लागले, आतल्या आत, खांदे हलवत. भिंगरी तळहातांवर बसली होती. उत्तर तिला केव्हाच आलं होतं, पण आजोबा उत्तराच्या पलीकडचं काहीतरी शोधत होते, आणि ते अगदी ओठापर्यंत आलं होतं.

तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

"कसलं काम, नाना?" बाबा पायातले बूट काढत म्हणाले. त्यांचा आवाज फार मायेचा होता. "तुम्हाला आता काही काम नाही. खूप केलंत. आराम करा तुम्ही."

अंगठा थांबला.

"हां," आजोबा म्हणाले. "आराम."

शनिवारी भिंगरीने पुन्हा तोच शब्द दिला. आजोबा म्हणाले, "आराम," आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, उद्या तुम्ही सांगू नका हं. आत्याआजी आली की. आजोबांचा अंगठा फिरत असेल तोवर बोलूच नका."

"अंगठा?"

"हो. तो थांबेपर्यंत."

"बरं, बरं," बाबा म्हणाले, आणि त्यांचा फोन वाजला. कुठेतरी कोणी अडकलं होतं.

रविवारी दुपारी आत्याआजी आली. निळी छत्री, खांद्याला पिशवी, पिशवीत माउथ ऑर्गन. जिना चढून धाप लागली होती तरी दारातच आईला म्हणाली, "जिना वाढवलात की काय गं?" मग तिने आजोबांसमोरची खुर्ची ओढली आणि गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसली.

"दादा," ती म्हणाली. "ओळखलंस?"

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या केसांकडे, कानांकडे, परत डोळ्यांकडे. अंगठा फिरू लागला.

"थांब हं," ते म्हणाले.

"थांबते की," आत्याआजी म्हणाली. "मला कुठे घाई आहे?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. भिंगरी तळहातांवर. बाबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या पायाची टाच जमिनीवर आपटू लागली, टकटक, टकटक. आजोबांचे ओठ हलत होते. कपाळावर घाम आला होता. तुम्ही कधी आपल्या माणसाला असं धडपडताना पाहिलं आहे? पाहवत नाही. भिंगरीने बाबांकडे पाहून मान हलवली, नको, नको. पण बाबांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं.

"नाना," बाबा म्हणाले, "आत्या. आत्या आली आहे."

अंगठा थांबला. आजोबांचा चेहरा मोकळा झाला, सुटका झाल्यासारखा.

"हो, हो, आत्या," ते म्हणाले आणि खुर्चीच्या हाताला धरून धडपडत उभे राहिले. "बसा ना, आत्या. प्रवासात त्रास नाही ना झाला तुम्हाला? वडील छापखान्यात आहेत, येतीलच आता."

बाबांची आत्या म्हणजे आजोबांची बहीण. पण आजोबांच्या हातात बाबांनी 'आत्या' हा शब्द ठेवला, आणि आजोबांनी तो घेतला, तसा ते हल्ली प्रत्येक शब्द घेत. त्या शब्दापाशी त्यांना त्यांची स्वतःची आत्या सापडली, केव्हाच वारलेली. जिला जन्मभर 'अगं' म्हटलं त्या धाकट्या बहिणीला ते 'तुम्ही' म्हणत हात जोडून उभे होते.

"नाना, तसं नाही, ही..." बाबा पुढे झाले.

"असू दे," आत्याआजी म्हणाली. तिने छत्रीची मूठ एकदा घट्ट धरली आणि सोडली. "बस रे तू. त्रास कसला? मजेत आले." मग, जरा थांबून, मोठ्या बाईच्या आवाजात तिने विचारलं, "तुझी ती धाकटी बहीण कुठे दिसत नाही ती?"

"ती?" आजोबा बसले आणि हसले. "असेल कुठेतरी कागदांच्या गठ्ठ्यामागे. कामाच्या वेळी ती कधी सापडते का?"

"त्रास देते का रे फार?"

"देते. पण हुशार आहे हं, आत्या. माझ्यापेक्षा हुशार. वडिलांना सांगू नका, पण उलटं वाचायला मीच शिकवलं तिला. आम्ही तिला..." अंगठा पुन्हा तर्जनीवर आला. "आम्ही तिला... काय बरं म्हणतो..."

या वेळी बाबा बोलले नाहीत. टाचही आपटत नव्हती. पण भिंतीवरचं घड्याळ पुढे जात होतं, चहा निवत होता, आणि आजोबांचा अंगठा नुसता फिरत होता. शेवटी आईलाच म्हणावं लागलं, "आत्या, बस चुकेल हो."

आत्याआजी उठली. तिने आजोबांचा तो फिरता हात दोन्ही हातांत घेतला, दाबला नाही, नुसता धरला, आणि खाली ठेवला.

"येते, दादा," ती म्हणाली. दादा उलटा केला तरी दादाच, हे तिला आठवलं असेल का, कोण जाणे.

बाबा तिची पिशवी घेऊन खाली गेले. अर्ध्या जिन्यावर ती दम घ्यायला थांबली.

"तू छापखान्यात स्टुलावर बसून रडला होतास, आठवतं?" ती म्हणाली. "एक 'क' सापडत नव्हता तुला. मी म्हटलं, दादा, देऊन टाक की रे त्या पोराला. तर म्हणाला, आज दिला तर उद्याही माझ्याचकडे मागेल. आणि पाठ फिरवून उभा राहिला. तुझं रडणं त्याला बघवत नव्हतं."

बाबांना आठवलं. ते रडणं आठवलं, पेटीच्या कडेचा तेलाचा वास आठवला, आणि शेवटी तो 'क' सापडल्यावर आपल्याला कोणीतरी स्टुलासकट उचललं होतं, तेही. इतकी वर्षं त्यांना फक्त रडणं आठवत होतं.

"आत्या, मला वाटलं, त्यांना त्रास होतोय..."

"मला माहीत आहे तुला काय वाटलं. म्हणून तर तुझ्यावर रागावता येत नाही."

रस्त्याच्या टोकाला बसथांबा होता. बस अजून आली नव्हती. "तू जा घरी," आत्याआजी म्हणाली. "मला जरा एकटी बसू दे." आणि ती बाकावर बसली, छत्री मांडीवर आडवी ठेवून.

बाबा परत आले ते आत गेलेच नाहीत. दाराजवळच्या बूट ठेवायच्या ठेंगण्या स्टुलावर बसून राहिले. खिडकीपाशी आजोबा, त्यांच्या पायाशी भिंगरी. आजोबांचा अंगठा अजून फिरत होता. सगळे थांबायचे थांबले होते, पण तो थांबला नव्हता.

मग थांबला.

"मका," आजोबा म्हणाले.

बाबा उठले. "मका हवाय, नाना? कोपऱ्यावर मिळतो. भाजलेला आणू? आत्ता आणतो."

"मका रे!" आजोबा चिडून म्हणाले. "उलटं काम. कामाला सांगितलं की पळायची, म्हणून मका."

भिंगरी ताडकन उभी राहिली. "बाबा, ते आत्याआजीचं नाव आहे."

आजोबा समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. खुर्ची अजून तशीच, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ होती.

"मका आत्ता इथे बसली होती," ते म्हणाले. "मी तिला 'तुम्ही' म्हटलं."

बाबांनी खिशातून फोन काढला. "आत्या थांब्यावरच असेल. मी सांगतो तिला, नानांनी ओळखलं म्हणून. सांगतो लगेच."

"नको ना, बाबा," भिंगरी म्हणाली. "ओळीत दुसरा हात नको."

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होते, हे वाक्य तिच्या तोंडी कुठून आलं. त्यांनीही ते ऐकलं होतं, कधीतरी, स्टुलावर बसून. त्यांनी फोन खिशात ठेवला.

भिंगरी धावत कपाटाकडे गेली. चिकटपट्टीचे बूट बाहेरच होते, पण एक पट्टी केव्हाची तुटली होती. तिने आतले नाडीचे बूट काढले आणि आजोबांच्या पायांसमोर ठेवले.

"आजोबा, मकाला भेटायला जायचं. बस यायची आहे."

आजोबांनी बुटांत पाय घातले. बाबा सवयीने खाली वाकले, नाडीपर्यंत त्यांचा हात गेला, आणि तिथेच राहिला. मग त्यांनी हात मागे घेतला आणि ते दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसले.

"खिळे जुळवलेल्या पानाला भोवतीने दोरा बांधायचा असतो," आजोबा नाडीची दोन टोकं हातात घेऊन म्हणाले. "सैल राहिला तर सगळे खिळे सांडतात." पहिली गाठ सुटली. त्यांनी टोकं परत हातात घेतली. या वेळी गाठ बसली, आणि अंगठा दुसऱ्या बुटाच्या नाडीवरून फिरू लागला.

खाली, रस्त्याच्या वळणावर, बसच्या ब्रेकचा आवाज आला. ती कोणती बस ते घरातून कळत नव्हतं. खिडकीतून डोकावलं तर कळलं असतं.

भिंगरी खिडकीकडे गेली नाही. ती उंबऱ्यावर बाबांशेजारी बसली, दोन्ही तळहात खाली घेतले, आणि आजोबांच्या दुसऱ्या बुटाची वाट पाहू लागली.